चक्करेवरचं इंजेक्शन: कोणतं, किती दिवस, आणि कधी हात आवरायचा

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा घरातल्या थोरामोठ्यांना वाचून दाखवायचं असतं, त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात. बोलताना घाईत ज्या दोन-चार गोष्टी सुटल्या, त्याही इथे घातल्या आहेत.

आजचा विषय आहे अचानक येणारी चक्कर आणि दवाखान्यात त्यावर तातडीने दिली जाणारी औषधं. मी जालना जिल्ह्यात डॉक्टर म्हणून काम करते. ताप, साप आणि अपघात यांच्या जोडीला रात्रपाळीत हमखास येणारा रुग्ण म्हणजे चक्करेचा. या रुग्णाला इंजेक्शन देणं सोपं आहे. अवघड आहे ते इंजेक्शन देण्याआधीची पाच मिनिटं थांबणं. हे मी पुस्तकातून नाही, चुकून शिकले. तिथूनच सुरुवात करते.

एक रात्र

नोकरीचं पहिलंच वर्ष. एका ग्रामीण रुग्णालयात मी रात्रपाळीला होते. पहाटे जीपमधून एका काकांना आणलं. वय साठीच्या आतबाहेर, बीपीची गोळी चालू, तीही आठवण आली तर घ्यायची. डोळे गच्च मिटलेले, हातात खाटेची कड घट्ट धरलेली. म्हणाले, "म्याडम, घर गरगरा फिरायलंय. खाट पलटी होईल असं वाटायलंय." तीनदा उलटी झालेली. काकू म्हणाल्या, "रातच्याला वांग्याचं भरीत खाल्लं, पित्त झालं असंल. एक सलाईन लावा की."

सलाईन लावली. स्टेमेटिलचं इंजेक्शन दिलं, वर झोप लागावी म्हणून डायझेपामही दिलं. तासाभरात उलट्या थांबल्या, काका झोपले. काकूंनी हात जोडले. मलाही बरं वाटलं.

काका दुपारपर्यंत झोपूनच होते. आम्ही म्हटलं, औषधाची गुंगी आहे. चार वाजता त्यांना बसवायला गेलो तर ते एका अंगाला कोसळत होते. बोलणं जड झालं होतं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. छोट्या मेंदूला, म्हणजे मानेच्या वर मागच्या बाजूला जो भाग असतो त्याला, रक्तपुरवठा बंद झाला होता आणि आता तिथे सूज येत होती. संभाजीनगरला पाठवलं, तिथे शस्त्रक्रिया झाली. काका वाचले. पण आजही काठी घेऊन, पाय फाकवून चालतात.

इंजेक्शनने त्यांना लकवा झाला नाही, तो आधीच झालेला होता. पण इंजेक्शनने आमचे डोळे झाकले. उलटी थांबली म्हणजे आजार थांबला असं आम्ही धरून चाललो, आणि वाढत चाललेली सुस्ती औषधाच्या नावावर टाकली.

'चक्कर' म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे 'चक्कर' हा एकच शब्द निदान तीन गोष्टींसाठी वापरतात, आणि औषधाची निम्मी चूक इथेच होते.

पहिली गोष्ट म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येणं, आता पडतो की काय असं वाटणं. मे महिन्यात शेतात राबलेला माणूस, जालन्याच्या एमआयडीसीत भट्टीपुढे उभा राहिलेला स्टीलच्या कारखान्यातला कामगार, उपास धरलेली बाई. इथे पाणी, मीठ, रक्त किंवा साखर कमी पडलेली असते, क्वचित हृदयाचा ठोका चुकत असतो. दुसरी गोष्ट म्हणजे चालताना तोल जाणं. आणि तिसरी म्हणजे खरी भोवंड: आपण किंवा घर गरागरा फिरतंय असं वाटणं. इंग्रजीत हिलाच व्हर्टायगो म्हणतात.

चक्करेची इंजेक्शनं आहेत ती या तिसऱ्या गोष्टीसाठी. अंधारी येणाऱ्याला ती दिली तर फायदा शून्य, उलट काहींनी बीपी आणखी उतरतं. म्हणून आधी बीपी, नाडी, ग्लुकोमीटरवर साखर, आणि शंका आली तर ईसीजी. कपाशीच्या हंगामात आणखी एक प्रश्न विचारायचा: आज फवारणी केली का? घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या आणि चक्कर असं असेल तर ती विषबाधा समजायची. तिचा उपचार पूर्ण वेगळा आहे.

पण शब्दावरच सगळं सोडून चालत नाही. रुग्ण अर्ध्या तासात दोनदा वर्णन बदलतो. त्यापेक्षा दोन प्रश्न जास्त कामाचे: चक्कर सतत आहे की येऊन जाऊन? आणि ती कशाने सुरू होते?

घर का फिरतं?

दोन्ही कानांच्या आत तोल सांभाळणारं एक यंत्र असतं. द्रवाने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या आणि बाजूला चुन्याच्या बारीक कणांची गादी. डोकं वळलं की दोन्ही कान मेंदूला एकमेकांशी जुळणारे निरोप देतात. एका कानाचा निरोप अचानक बंद पडला किंवा खोटा गेला, की मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. डोळे सांगतात, नाही. या भांडणात घर फिरतं आणि पोट ढवळतं.

चक्करेची औषधं हे भांडण मिटवत नाहीत. ती फक्त त्याचा आवाज कमी करतात. कान दुरुस्त होत नाही, कण जागेवर जात नाहीत, मेंदूची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं आहे.

औषधांच्या ट्रेमध्ये काय असतं?

*अँटीहिस्टामिन.* प्रोमेथाझीन, म्हणजे आपल्याकडे 'फेनर्गन' नावाने माहीत असलेलं इंजेक्शन. याच घरातली डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझीन आणि सिनारिझीन. सर्दीच्या गोळीचे हे भाऊबंद. तोलाच्या निरोपाचा जोर कमी करतात आणि उलटीही थांबवतात. तोटा म्हणजे झोप, कोरडं तोंड, आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडकणं. काचबिंदूचा एक प्रकार असलेल्यांनाही जपून. प्रोमेथाझीन शिरेतून देताना बाहेर झिरपलं तर तिथली कातडी-मांस मरू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००९ साली यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. म्हणून ते शक्यतो खोल स्नायूत द्यायचं.

*प्रोक्लोरपेराझीन.* म्हणजे स्टेमेटिल. उलटीवर चांगलं काम करतं. पण काही जणांना, विशेषतः तरुणांना, त्याने मान वाकडी होते, जीभ बाहेर येते, डोळे वर चढतात. घरचे म्हणतात अंगात आलं. अंगात काही आलेलं नसतं, ती औषधाची उलट क्रिया असते, आणि गंमत म्हणजे ती बहुधा फेनर्गनच्याच इंजेक्शनने काही मिनिटांत उतरते.

*बेंझोडायझेपीन.* डायझेपाम, लोराझेपाम. हे मेंदूलाच शांत करतं. रुग्ण झोपतो, म्हणून सगळ्यांना वाटतं बरं झालं.

*फक्त उलटीची औषधं.* ऑन्डान्सेट्रॉन सगळ्यांच्या ओळखीचं. गुंगी जवळजवळ नाही. चक्करेवर थेट काम कमी, पण उलटी थांबली की रुग्णाला तपासता येतं. हा फायदा लहान नाही.

*बीटाहिस्टीन.* म्हणजे व्हर्टिन वगैरे गोळ्या. आपल्या भागात चक्करेची चिठ्ठी या गोळीशिवाय पुरी होत नाही. पण हे तातडीचं औषध नाही. मेनिएर नावाच्या कानाच्या आजारात ते अनेक वर्षं दिलं जातंय, आणि त्याच आजारावर जर्मनीत २२१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. नऊ महिन्यांत झटके सगळ्याच गटांत कमी झाले, खरी गोळी घेणाऱ्यांत आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांतही. दोघांत फरक दिसला नाही.

मग सरस कोणतं?

हा प्रश्न मोजून पाहिला गेलाय. २०२२ साली 'जामा न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात एक मोठा आढावा आला. जगभरातल्या २७ चाचण्या गोळा केल्या होत्या. त्यांतल्या १७ चाचण्यांचे, म्हणजे १,५८६ रुग्णांचे आकडे एकत्र मोजले. प्रश्न साधा: तीव्र चक्करेत अँटीहिस्टामिन बरं की बेंझोडायझेपीन?

चक्कर किती आहे हे रुग्णाने शून्य ते शंभर अशा पट्टीवर सांगायचं. औषधाचा एक डोस दिल्यावर दोन तासांनी पाहिलं, तर अँटीहिस्टामिन मिळालेल्यांना बेंझोडायझेपीनवाल्यांपेक्षा सरासरी १६ गुणांनी जास्त आराम होता. हा फरक रुग्णाला स्वतःला जाणवेल एवढा आहे. बेंझोडायझेपीन सोडून इतर औषधांशी तुलना केली तेव्हा मात्र अँटीहिस्टामिन फार पुढे गेलं नाही, जवळपास बरोबरी. इराणमध्ये प्रोमेथाझीन आणि लोराझेपाम समोरासमोर ठेवून झालेली २०१४ची चाचणीही हेच सांगते: प्रोमेथाझीन सरस.

आता त्या आढाव्यातला दुसरा निष्कर्ष ऐका, माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा. रोज गोळ्या चालू ठेवणाऱ्यांना एका आठवड्याने आणि एका महिन्याने पाहिलं, तेव्हा अँटीहिस्टामिनही नाही आणि बेंझोडायझेपीनही नाही, दोन्ही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत.

थोडक्यात: पहिल्या काही तासांसाठी अँटीहिस्टामिनचा एक डोस, उलटी जास्त असेल तर उलटीचं औषध, आणि डायझेपामची सवय सोडायची. एवढंच.

"गोळ्या किती दिवस घेऊ?"

माझं उत्तर असतं, जास्तीत जास्त दोन-तीन दिवस. कारण असं. तोलाच्या नसेला सूज येऊन जी सतत चक्कर लागते, तिच्यात पहिले दोन दिवस माणूस उठूही शकत नाही. मग मेंदू हळूहळू शिकतो की एका कानाचा निरोप आता कमी येणार, आणि तोल नव्याने बसवतो. हे शिकणं हालचालीतूनच होतं. गुंगीची औषधं चालू ठेवली तर मेंदू शिकत नाही. बैल नांगराला शिकवायचा आणि त्याला दिवसभर गोठ्यात बांधून ठेवायचं, असा प्रकार होतो. या आजारात सुरुवातीला थोडे दिवस स्टिरॉइड द्यावं का, याचा विचार डॉक्टर रुग्णाशी बोलून करू शकतात. पण तिसऱ्या दिवशी उठून, कुणाचा तरी हात धरून अंगणात चालणं हा उपचाराचाच भाग आहे.

आणि म्हातारपणी या गोळ्या महिनोन्‌महिने घेण्याचा वेगळा धोका आहे. सिनारिझीन आणि प्रोक्लोरपेराझीन दीर्घकाळ घेतल्याने हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं, अगदी कंपवातासारखं होऊ शकतं. मग कंपवाताची आणखी एक गोळी सुरू होते. खरं औषध असतं पहिली गोळी डॉक्टरांना विचारून बंद करणं. झोपेची गोळी तर पडून खुबा मोडण्याचं आमंत्रणच.

जिथे औषध लागतच नाही

भोकरदनकडच्या एक मावशी आल्या होत्या. पिशवीत चार महिन्यांच्या गोळ्या, मानेचा एक्स-रे, गळ्यात पट्टा. "कुशीवर वळले की घर फिरतंय, मग अर्ध्या मिनटात थांबतंय." एवढ्या एका वाक्यात निदान होतं. गादीतले चुन्याचे कण सुटून नळीत पडतात. डोकं ठराविक दिशेने हललं की ते घरंगळतात आणि काही सेकंद चक्कर येते. मानेचा यात संबंध नसतो. आणि जी चक्कर अर्ध्या मिनिटात आपणच थांबते, तिच्यावर चार तास चालणारी गोळी काय करणार?

इथे कण जागेवर नेणं हाच उपचार. आधी कोणत्या कानात आणि कोणत्या नळीत दोष आहे ते डिक्स-हॉलपाईक चाचणीने बघायचं. बहुतेकदा मागची नळी असते. मग एपली यांची पद्धत. अमेरिकेतल्या या कानाच्या डॉक्टरांनी ती १९९२ साली छापून आणली. उजवा कान असेल तर: खाटेवर बसून मान उजवीकडे ४५ अंश वळवायची. तसंच झटकन मागे झोपवायचं, डोकं खाटेच्या कडेवरून थोडं खाली. चक्कर थांबेपर्यंत, निदान अर्धा मिनिट थांबायचं. मग डोकं ९० अंश डावीकडे. पुन्हा थांबायचं. मग पूर्ण अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. पुन्हा थांबायचं. आणि मग बसवायचं. पहिल्या वेळी डॉक्टरांकडूनच करून घ्या, मणक्याचा त्रास असेल तर आधी सांगा.

मावशींना दोनदा करावं लागलं. खर्च शून्य. गळ्यातला पट्टा त्यांनी तिथेच टेबलावर ठेवला. तातडीच्या विभागातल्या चक्करेसाठी २०२३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांतही हेच आहे: अशा रुग्णाला पहिल्याच भेटीत ही पद्धत वापरा, सरसकट सीटी-एमआरआय करू नका.

आणि जिथे औषधामागे लपायचं नाही

आता परत त्या काकांकडे. त्यांची चक्कर सतत होती, कुशीवर न वळताही. अशा वेळी लकवा आहे की कानाची नस, हे ओळखायला डोळ्यांच्या तीन तपासण्या आहेत: डोकं झटकन वळवल्यावर नजर टिकते का, बुबुळांचे झटके दिशा बदलतात का, आणि एकेक डोळा झाकून उघडल्यावर डोळा वर-खाली सरकतो का. गंमत अशी की नजर अगदी व्यवस्थित टिकली तर ती वाईट बातमी असते, कारण मग दोष कानात नाही, आत आहे. २००९च्या अभ्यासात अनुभवी तज्ज्ञांच्या हातात या तपासण्या सुरुवातीच्या एमआरआयपेक्षा सरस ठरल्या. पहिल्या ४८ तासांतल्या एमआरआयने काही लकवे हुकवले होते. पण त्यासाठी शिकलेला हात लागतो, आणि त्या तपासण्या सतत चक्कर चालू असलेल्या रुग्णालाच लागू होतात. साधा सीटी स्कॅन रक्तस्राव दाखवतो. छोट्या मेंदूतला ताजा अडथळा तो बऱ्याचदा दाखवत नाही. म्हणून "सीटी नॉर्मल आहे, घरी जा" हे वाक्य इथे धोक्याचं.

चौथी तपासणी मात्र कुणालाही करता येते: रुग्णाला आधाराशिवाय बसता येतं का, उभं राहता येतं का? कानाच्या चक्करेत माणूस डुलतो, पण धरून धरून चालतो. बसताही येत नसेल तर गुंगीचं औषध देण्याआधी गाडी बोलवा. मी आता इंजेक्शन भरायच्या आधी रुग्णाला बसवून बघते. उलटी फार असेल तर आधी ऑन्डान्सेट्रॉन, मग तपासणी, आणि गुंगीचं औषध सगळ्यात शेवटी.

आपल्या जिल्ह्यात हे जास्तच महत्त्वाचं. मंठा, परतूर, घनसावंगी, जाफराबाद कुठूनही जालना गाठायचं, आणि पुढे संभाजीनगर आणखी ६० किलोमीटर. लकव्यात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. "सकाळी बघू" म्हणून गुंगीत घालवलेली रात्र परत मिळत नाही.

घरच्यांसाठी, फ्रीजवर लावायला

चक्करेबरोबर यातलं एक जरी असलं तरी १०८ ला फोन करा: तोंड वाकडं, बोबडं बोलणं, दोन-दोन दिसणं, हात-पाय लुळा, गिळता न येणं, अचानक जोरात डोकं किंवा मान दुखणं, आधाराशिवाय बसता न येणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं. वय साठीपुढे, बीपी-शुगर आहे आणि चक्कर सतत आहे, तरी थांबू नका. रुग्ण शेवटचा ठणठणीत किती वाजता होता, ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या.

इंजेक्शन दिलं असेल तर त्याचं नाव आणि वेळही त्याच कागदावर लिहून घ्या. दोन-तीन तासांनी रुग्णाला उठवून बसवा, नाव विचारा. "औषधाने झोपलाय" हे वाक्य कुणीही म्हणालं, अगदी डॉक्टरांनी म्हटलं तरी, एकदा उठवून बघायला सांगा. त्या दिवशी काकूंनी मला तसं सांगितलं असतं तर कदाचित मला राग आला असता. पण मी त्यांना उठवून पाहिलं असतं.

तुमच्या घरात चक्करेच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतील तर ती पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, यातली अजून कोणती लागते? स्वतःहून एकदम बंद करू नका, विशेषतः झोपेची गोळी. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत काळजी घ्या, आणि उन्हाचं बाहेर पडताना पाण्याची बाटली विसरू नका. नमस्कार.